पटावर आहे, मोजणीत नाही

माध्यमिक शिक्षकांमधील नाराजीवरचा आपला अग्रलेख वाचला. त्यात मांडलेला वेतनाचा मुद्दा रास्तच आहे. तीन वर्षे दरमहा १८ हजारांच्या मानधनावर काम करणाऱ्या नवनियुक्त शिक्षण सेवकाला समाधानी कोण म्हणेल? पण कायम शिक्षकांची खदखद वेगळी आहे. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार हे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरच्या पटावरील आधार वैध ठरलेले विद्यार्थी धरले जातात. त्यासाठी यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती पोर्टलवरील नाव, लिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळावी लागते. शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, म्हणजे जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे एखादा ‘राव’ जास्त, कुठे जन्मतारखेच्या जागी सरसकट १ जानेवारी. जुळले नाही की रोज वर्गात बसणारे मूलही मोजणीबाहेर, आणि पट काठावर असेल तर अशा चार-सहा नावांपायी एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. आधारमधील दुरुस्तीसाठी पालकाला मजुरी बुडवून केंद्रावर रांग लावावी लागते. त्याला तिथवर पाठवण्याचा पाठपुरावा वर्गशिक्षकाचा, तोही स्वतःच्या मोबाइलवर आणि वह्या तपासण्याच्या मोकळ्या तासिकेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पोर्टलच्या कामाला ‘शैक्षणिक’ म्हटले की झाले! लिपिकांची रिक्त पदे भरावीत आणि आधार दुरुस्तीची शिबिरे जून-जुलैमध्ये शाळेतच घ्यावीत. तोवर शिक्षण खात्याच्या विस्तार अधिकाऱ्यांनी वर्गात प्रत्यक्ष पडताळलेला प्रत्येक विद्यार्थी संचमान्यतेत धरला जावा.

– एक माध्यमिक शिक्षक