एका फवारणीने मिलीबग जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बागकाम पुरवणीत मिलीबगवरचा, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या, कापसाच्या पुंजक्यांसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या किडीवरचा लेख वाचला. कडुनिंबाच्या तेलाचा उपाय योग्यच आहे. खटकले ते एकच वाक्य: ‘एकदा भरपूर फवारा, कीड निघून जाईल.’ ती जात नाही. आठवडाभर दिसेनाशी होते आणि पुन्हा येते. मग लोक ‘औषधात दम नाही’ म्हणतात, आणखी जहाल काहीतरी आणतात आणि झाड कीड सोडून औषधानेच होरपळते.

या किडीची मादी मेणाच्या धाग्यांच्या पिशवीत अंडी घालते. लिंबूवर्गीय झाडांवर येणाऱ्या जातीची एक मादी साधारण 300 ते 600 अंडी देते. मेणावर पाणी ठरत नाही, मग पाण्यात कालवलेले औषध तरी आत कसे शिरणार? वरवरची कीड मरते, पिशवीतली अंडी शाबूत राहतात आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत फुटतात. बाहेर पडणारी पिल्ले पिवळसर, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी आणि भराभर चालणारी असतात. त्यांच्या अंगावर अजून मेण चढलेले नसते. औषध लागू पडते ते याच वयात. म्हणून दर सात दिवसांनी, निदान चार वेळा फवारणी करायची. मध्ये झाड कितीही स्वच्छ दिसले तरी खंड पाडायचा नाही. कोणते औषध यावर आपण तासभर वाद घालतो, पुढची फवारणी कधी हे मात्र कुणी कॅलेंडरवर लिहून ठेवत नाही.

फवारणीआधी हाताने काम करावे लागते, त्याचाही उल्लेख लेखात नाही. कानकोरणीचा कापूस 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक पुंजक्याला लावला की मेण विरघळते आणि आतला गुलाबी-करडा किडा उघडा पडून मरतो. पान जिथे खोडाला जुळते ती बेचकी, पानाच्या मागची मुख्य शीर, कळीचा देठ, कुंडीची कड या किडीच्या दडायच्या जागा. ज्या फांदीवर नुसता कापूसच कापूस दिसतो ती सरळ छाटून टाकावी. मग एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य द्रवरूप साबण. साबण आधी, तेल मागून, नाहीतर तेल वर तरंगते. मिश्रण त्याच दिवशी वापरावे, उन्हे उतरल्यावर फवारावे आणि पानांच्या पाठी भिजल्या पाहिजेत. आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट बघावी. नेचे आणि पानांवर निळसर पांढरी साय असलेले सक्युलंट (जाड, रसाळ पानांची रोपे) यांना साबण, तेल, अल्कोहोल यांतले काहीही सोसेलच असे नाही.

ओळखण्याबद्दलही लेख घाईत उरकला आहे. पांढरे दिसले की मिलीबग, असे नसते. भुरी ही बुरशी. ती पानावर कोरड्या पावडरीसारखी पसरते, बोटाने पुसली जाते, पण तिच्यात चिकटपणा नसतो. पांढरी माशी पान हलवताच उडते. मिलीबग जागेवर बसून राहतो. भिंग धरले तर तीन-चार मिलिमीटरचे लांबट अंग, त्यावर आडव्या वळ्या आणि कडेने मेणाच्या बारीक काड्यांची झालर दिसते. एका जातीला मागे अंगाएवढ्या लांब शेपट्या असतात; ती अंडपिशवी न करता थेट पिल्लेच घालते, त्यामुळे कापसाचा पुंजका शोधत बसलात तर ती निसटते. आणि पाने चिकट लागू लागली, त्यावर काळी काजळी धरली, खोडावरून मुंग्यांची रांग लागली, तर कीड दिसण्याआधीच समजून जावे.

मुंग्यांना निरुपद्रवी पाहुणे समजू नये. मिलीबग रस शोषून जो गोड चिकटा टाकतो तो त्यांना हवा असतो, म्हणून त्या किडीची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत उंचवट्यावर ठेवली आणि झाडाची पाने भिंतीला टेकू दिली नाहीत, तर निम्मे काम होते.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले ते. लेखासोबतच्या छायाचित्रात जो मोठा, झिपरा पांढरा किडा ‘मिलीबगची वाढलेली अवस्था’ म्हणून दाखवला आहे, तो मला तरी मिलीबग वाटत नाही. क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटलची) अळी अगदी तशी दिसते. तिच्याही अंगावर मेणाच्या पांढऱ्या झिपऱ्या असतात, पण ती मिलीबगपेक्षा बरीच मोठी होते, डिवचले की तुरुतुरु पळते आणि दिवसभर मिलीबगच खाते. 1891 च्या सुमारास लिंबूवर्गीय बागांतल्या मिलीबगसाठी हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेला गेला आणि आजही तो त्यासाठीच मुद्दाम वाढवून सोडला जातो. आफ्रिकेत 1970 च्या दशकात कसावा या कंदाच्या पिकात मिलीबग शिरला, तेव्हाही तो आटोक्यात आणला तो दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या एका चिमुकल्या गांधीलमाशीने. त्या मोहिमेसाठी स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांना 1995 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सरसकट जहाल कीटकनाशक मारले की असे मित्रकिडेही मरतात. मिलीबगची पिशवीतली अंडी मात्र वाचतात आणि पुढच्या पिढीला मैदान मोकळे. ढालकिड्याची अळी दिसली तर त्या झाडाला हात लावू नये, तेलही फवारू नये.

एक राहिले, मुळांवरचा मिलीबग. पाणी, खत सगळे देऊनही रोप सुकत चालले असेल, विशेषतः निवडुंग किंवा सक्युलंट, तर ते कुंडीतून अलगद काढून बघावे. मातीच्या गोळ्यावर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी दिसेल. ती क्षार असेल तर पाण्याने भिजते. मिलीबगचे मेण असेल तर थेंब मण्यासारखा वर उभा राहतो. अशी माती मुळांवरून पूर्ण धुऊन काढून फेकावी, कुंडी गरम पाण्याने घासावी आणि रोप नव्या मातीत लावावे. नवे रोप आणले की तीन-चार आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवावे. नत्रयुक्त खताचा मारा करू नये, कोवळ्या लुसलुशीत फुटीवर ही कीड तुटून पडते. रोप हाताबाहेर गेले असेल तर पिशवीत बांधून टाकावे, कंपोस्टमध्ये नको.

पुढच्या पुरवणीत मिलीबग आणि ढालकिड्याची अळी यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापावीत, ही विनंती. मागचे चित्र बघून कुणी भलत्यालाच चिरडायला निघाले असेल तर ते तरी थांबेल.

आपली,
एक नियमित वाचक