कर्करोगाच्या रुग्णाची पाठदुखी अंगावर काढू नका

महोदय,

स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या माणसाची पाठ नव्याने दुखू लागली, तर आपल्या खेड्यापाड्यांत आधी मालिश होते, मग गोळ्या. यात मोलाचे दिवस जातात. कर्करोग मणक्यात उतरून मज्जारज्जूवर दाब आणत असेल तर दुखणे आडवे झाल्यावर, खोकताना वाढते. छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. पाय लटपटणे, बधिरपणा, लघवी तुंबणे या पुढच्या पायऱ्या. उपचारावेळी चालणारा रुग्ण बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते क्वचितच परततात.

अशा रुग्णाची मालिश करू नये, मणके बसवून घेऊ नयेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी संशय येताच डेक्सामेथासोन (सूज उतरवणारे स्टिरॉइड) सुरू करावे, साधारण दिवसाला १६ मिलीग्रॅम, सोबत आम्लपित्ताची गोळी. साखर तपासत राहावी. (लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, शंका असून बायोप्सी, म्हणजे गाठीच्या तुकड्याची तपासणी, बाकी असेल, तर आधी तज्ज्ञांना फोन.) लघवी तुंबल्यास नळी घालावी. एमआरआय २४ तासांत आणि संपूर्ण पाठकण्याचा हवा, कारण दाब अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी असतो. नुसत्या कमरेच्या एक्स-रेवर निर्धास्त होऊ नये. पुढे रेडिएशन, कधी ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) एकच डोस, कधी २० ग्रे पाच भागांत. मणका अस्थिर असल्यास आधी शस्त्रक्रियेचा विचार.

सिरोंचा, धारणीहून नागपूर लांब आहे. म्हणून रुग्ण निघण्यापूर्वीच तिथल्या कर्करोग विभागाला फोन करावा, त्याला सपाट झोपवून न्यावे आणि जुनी फाईल, बायोप्सीचा रिपोर्ट सोबत द्यावा.

— ग्रामीण आरोग्यसेवेतील काही वाचक, विदर्भ