मुक्ताला पत्र, लायनरबद्दल

चिंचवड,
रविवार, दुपार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू "ठेवते बाबा" म्हणतेस. म्हणून कागद घेतला. आई याचा फोटो काढून तुला पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिलाच विचार, इतकी वर्षं ती वाचतेय.

शुक्रवारी पहाटे गॅलरीतून ओरडलो ते चुकलं. सेक्रेटरी तेव्हाच पिशवी घेऊन दुधाला निघाले होते, त्यांनी सगळं ऐकलं. आणि 'भंगार' हा शब्द तर मी वापरायलाच नको होता, तोही त्या गाडीला. 1988 साली टाटामोबाईल पिकअप निघाली तेव्हा मी पिंपरीला लाइनवर नवा होतो, आणि तुझी 207 म्हणजे तिचीच लेक. सोळा वर्षं तिला ज्यांनी कांदे-बटाटे लादून पळवलं आणि कधी ग्रीसचं बोट लावलं नाही, त्यांना नावं ठेवायला हवी होती. ती तुला ठेवली.

पण मी का ओरडलो तेही ऐक. आदल्या रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन खाली गेलो होतो. पार्किंगच्या फरशीवर डाग पडलाय म्हणून तक्रार आली होती, सगळ्यांना वाटलं इंजिन ऑइल. मी बोट लावलं. पातळ, पिवळट. वर थोडं पाणी ओतलं तर ते त्यात विरघळलं. इंजिन ऑइल असतं तर तरंगलं असतं, हे ब्रेक ऑइल. मग आडवा होऊन मागच्या डाव्या टायरची आतली बाजू पाहिली, ओली. चाकातला ब्रेकचा सिलिंडर गळतोय हे कळलं आणि मग रात्रभर झोप नाही. पहाटे सेल्फचा आवाज आला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं. तू खालून शांतपणे म्हणालीस, "बाबा, मला माहितीय, नाना पेठेतून आणलाय, आज तेच काम आहे." ते शांतपणे म्हणालीस म्हणून मला जास्त राग आला असावा.

संध्याकाळी आईच्या फोनवर फोटो आला. माझ्या नाही, आईच्या. ड्रम उतरवलेला, नवा सिलिंडर, तुझा हात, नखांत काळं ग्रीस. आईने विचारलं, "नीट केलंय का हो?" मी म्हटलं, "हं." ती आत गेल्यावर दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. स्प्रिंगा जागच्या जागी. अ‍ॅडजस्टर घासलेला. खाली लिहिलं होतंस की उजव्या चाकाचाही बदलला. कुणी सांगितलं तुला हे? लोक गळतो तेवढाच बदलतात आणि मग गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

पण लायनर, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ते पट्टे, फोटोत सावलीत आलेत. काळे दिसतात. ते नवे आहेत का? की जुनेच पेट्रोलने धुऊन, पॉलिशपेपर मारून परत बसवलेस?

एवढंच विचारायचं होतं. खरं म्हणजे पत्र इथेच संपलं. पण कागद बराच उरलाय आणि आईने चहा ठेवलाय, तर बाकीचंही लिहितो.

त्या गॅरेजवाल्याने हाफ इंजिन, म्हणजे अर्धं इंजिन खोलून दुरुस्त करायला सांगितलं आणि 45 हजार मागितले, असं समीरकडून कळलं. देऊ नकोस. निदान आत्ता नको. चढाला काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, बस. आधी एअर फिल्टर काढून उन्हात धरून बघ, पलीकडचा उजेड दिसला नाही तर अर्धं उत्तर मिळालं. मग नॉझल पंपवाल्याकडे तपासून घे, फवारा पडतोय की धार लागते ते तो डोळ्यांसमोर दाखवतो. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, तेव्हा इंजिनाचं बोलू. पांढरा धूर थंडीत सकाळी दोन मिनिटं आला आणि गेला तर सोडून दे. गेलाच नाही आणि रेडिएटरचं पाणीही कमी व्हायला लागलं तर मात्र मला लगेच सांग. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढायचं आणि मग सुरू करायचं, पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गास्केट. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. हे तुला सांगायची गरज नाही, पण सांगितलं.

सकाळी सुरू व्हायला त्रास देते म्हणालीस ना, त्यात बॅटरीचा दोष असेलच असं नाही. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि लाइनीत हवा धरते. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप घाल, नळीवाल्याकडे मिळतो. सकाळी त्यात बुडबुडे पळताना दिसले तर हवा कुठून शिरते ते शोधायचं, बहुतेक तांब्याचे वॉशर असतात. ते बदल, एअर स्क्रू ढिला करून हातपंप मार, फेस थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळ. तेवढे वॉशर म्हणजे चहा-भजीचा खर्च.

बॅटरीवरून आठवलं. नवी घ्यायला निघाली होतीस आणि मग मीटर लावून पाहिलंस, 12.6 व्होल्ट, बॅटरी चांगली, आणि चेसिसची अर्थिंग पट्टी गंजलेली सापडली. ती घासून आवळलीस आणि गाडी एका चावीत सुरू. हे मी बागेत सकाळच्या फेरीला सगळ्यांना सांगितलंय. जोशींना दोनदा. त्यांच्या मुलाने याच दुखण्यावर दोन बॅटऱ्या बदलल्या. तुला मात्र सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो.

तुझ्या पैशांच्या वहीत मी नाक खुपसत नाही. पण हौद्याला 12 हजारांचा रंग आणि मागे 'पुरंदरची सीताफळं' असं सजवून लिहून घेतलंस, तेव्हा टायर रिमोल्ड होते. अशा गाडीवर पैसा खालून वर खर्च करायचा. आधी थांबणं, मग वळणं, मग चालणं, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. ब्रेक ऑइलने रंग उठतो, माहितीये ना? डाव्या चाकाच्या वर हौद्याची कड बघ, फुगली असेल. असो. अक्षरं सुंदर आहेत, आई फोटो सगळ्यांना दाखवते.

जुन्या बाजारात जाणार असशील तर बुधवार किंवा रविवार, आणि सकाळी लवकर. दाराची कडी, आरशाची दांडी, जॅक, पाने, टूलबॉक्स, सगळं तिथून खुशाल घे. पण ब्रेकचा एकही भाग जुना घ्यायचा नाही. सिलिंडरच्या आत बारीक खड्डे असले तरी नवं रबर चार महिन्यांत कापलं जातं. आणि लायनर तर

परत तिथेच आलो. आई म्हणते मी सकाळपासून घरात हाच शब्द बोलतोय.

मुक्ता, तू हिंजवडीची नोकरी सोडलीस तेव्हा मी एक अक्षर बोललो नाही. बोललो, पण आईशी. गाडी घेतलीस तेव्हाही. पण तू रिकामी गाडी सासवडला चढवतेस आणि भरलेली दिवेघाटातून उतरवतेस, तेही पहाटे तीनला, मार्केट यार्डाची वेळ गाठायला. वीस किलोचं एक क्रेट, साठ क्रेट म्हणजे 1200 किलो. ऐंशी भरलेस तर 1600, वर गाडीचं आणि तुझं वजन. आरसीवर काय लिहिलंय ते तूच बघ.

तो घाट मला वेगळाच आठवतो. माउलींची पालखी चढताना रथाला जादा बैलजोड्या लावतात, तू माझ्या खांद्यावर होतीस आणि एकेक जोडी मोजत होतीस. वर पोचल्यावर म्हणालीस, "बाबा, आता उतरायला किती बैल?" मी हसलो होतो. खाली मस्तानी तलाव चमकत होता, पाऊस नुकताच उघडला होता, तुझी एक चप्पल गर्दीत हरवली आणि आईने मला झेंडेवाडीपासून घरापर्यंत ऐकवलं. पिवळी चप्पल होती. असली पिवळी नंतर कुठे मिळाली नाही.

तर, उतरताना. ज्या गियरमध्ये ती भरली गाडी चढली असती त्याच गियरमध्ये उतरायचं. न्यूट्रल नाही, चावी बंद तर अजिबात नाही. डिझेल वाचतं म्हणून लोक करतात, कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना काय होतं ते तू पेपरात वाचतेस. तुझ्या गाडीचा व्हॅक्यूम पंप, ज्याच्यावर ब्रेक हलका करणारा बूस्टर चालतो, तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला आहे. इंजिन बंद झालं, किंवा तो पट्टा तुटला, तरी दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच बूस्टर साथ देतो. मग पेडल दगड होतं, उभं राहून दाबावं लागतं. म्हणून पट्ट्याला भेगा दिसल्या की बदल, आणि एक जादा पट्टा सीटखाली ठेव. रोज निघताना इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाब, कडक होईल. पाय तसाच ठेवून सुरू कर. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. पाय ठेवल्या ठेवल्या हळूहळू तळाला जात राहिलं तर मास्टर सिलिंडर, त्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही, सीताफळं पिकून फुटली तरी चालतील.

ब्रेकचा जळका वास आला तर डोंगराच्या बाजूला घेऊन थांब. ड्रमवर पाणी मारू नकोस, तडकतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ लागतं. आणि नवे लायनर बसायला वेळ घेतात, पहिले काही दिवस माल निम्मा भर. नवे असतील तर.

हे व्याख्यान झालं, कळतंय मला. तू छत्तीस वर्षांची आहेस आणि या गाडीखाली माझ्यापेक्षा जास्त वेळ झोपली आहेस. आई म्हणते, तुझ्या जागी निखिल असता तर एवढं लिहिलं नसतं. मी म्हटलं, लिहिलं असतं. आता विचार करतोय. निखिलची गाडी हप्त्यावरची आहे, कंपनीत सर्व्हिसिंगला जाते. त्याची काळजी करायची सोयच नाही.

दत्ताच्या टेम्पोचे लायनर मी धुतले होते.

हे तुला कुणी सांगितलेलं नसणार. रविवार होता, दुकानं बंद, त्याला सोमवारी पहाटे माल घेऊन साताऱ्याकडे निघायचं होतं. सिलिंडर गळून लायनर भिजले होते. सिलिंडरचं किट माझ्याकडे होतं, लायनर नव्हते. तो म्हणाला, "दादा, तू म्हणशील तसं." मी पेट्रोलने धुतले, वरून जाळून घेतले, पॉलिशपेपर मारला. हातात घेतले तेव्हा ठणठणीत कोरडे होते. लायनर तेल पितो आणि तापला की पुन्हा वर आणतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, आठवडाभर चालतील. नव्या जोडाचे पैसे माझ्या खिशात होते. सोमवारी दुकान दहाला उघडलं असतं.

खंबाटकी उतरताना. पुढचं तुला माहीत आहे, तू चौथीत होतीस. काकू अजून संक्रांतीला तिळगूळ आईच्या हातावर ठेवते, माझ्या नाही.

मी हे लिहिणार नव्हतो. पान फाडावं असं वाटलं, पण मग आईला नवीन पानाचं कारण सांगावं लागेल.

चहा गार झाला. आई विचारतेय एवढं काय लिहिताय. खोबऱ्याच्या वड्या केल्यात, तू आलीस की नेशील. शुक्रवारच्या डागावर मी साबणाचं पाणी टाकून घासलं, आता दिसत नाही. सेक्रेटरींना सांगितलंय, गाडी आमच्याच जागेत लागेल, आणि डाग पडला तर मी पुसेन.

तुझे,
बाबा

ता. क. नवे टाकले असशील तर जुने कुठेतरी पडलेच असतील. फेकू नकोस. बुधवारी येशील तेव्हा चारही पिशवीत घालून घेऊन ये. मला बघायचेत.