टोल कधी संपणार तेही पाटीवर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टोलवरची पत्रं आपल्याकडे नेहमी छापून येतात, त्यात माझी एक भर. मुलीकडे मँचेस्टरला गेलो होतो तेव्हा वेल्समधला जुना लंडन-होलिहेड रस्ता बघितला (होलिहेड म्हणजे आयर्लंडच्या बोटी लागायचं बंदर). 1801 ला आयर्लंड ब्रिटनला जोडलं आणि तिकडचे खासदार लंडनला यायला लागले, पण रस्ता इतका भिकार की विचारू नका, मग 1815 पासून थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरने तो नीट करायला घेतला, डोंगरातून नेला पण चढ कुठेही घोड्यांचा दम काढणारा ठेवला नाही.

टोलनाके म्हणजे अष्टकोनी टुमदार घरं, दोन्हीकडून येणारी गाडी आतूनच दिसावी म्हणून तसा आकार. त्या लांबलचक नावासाठी फेमस असलेल्या लॅनफेअर (हे थोडक्यात) गावच्या नाक्यावर दरपत्रक अजून आहे, स्प्रिंगवाल्या बग्गीच्या प्रत्येक घोड्याला 4 पेन्स, साध्या खटाऱ्याच्या घोड्याला 3, गुरं-मेंढरं वीसवीसच्या हिशोबाने. टपालाच्या गाडीला मात्र टोल माफ, गार्ड लांबूनच बिगुल वाजवायचा आणि फाटक वेळेत उघडलं नाही तर दंड टोलवाल्याला! (आपल्याकडे ॲम्ब्युलन्ससाठी असं काही करा की राव.)

खरी गंमत पुढेच. तिकडे टोलचे कायदे साधारण 21 वर्षांचे असायचे, पण रस्त्यासाठी काढलेलं कर्ज काही फिटायचं नाही म्हणून मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि वसुलीचा ठेका लिलावात जास्त बोली लावणाऱ्याला. ओळखीचं वाटतंय ना? नैऋत्य वेल्समध्ये शेतात टाकायच्या चुन्याच्या गाड्यांनाही टोल पडायला लागला तेव्हा शेतकऱ्यांनी 1839 ते 1843 या काळात बायकांचे कपडे घालून, ‘रिबेका’ नाव घेऊन रात्री फाटकं फोडली. कोल्हापूरकरांनी 2014 ला नाके पेटवले ते काही जगावेगळं नव्हतं, त्यांनी शेवटी टोल रद्द करूनच घेतला.

होलिहेडला 1850 पर्यंत रेल्वेने थेट जाता यायला लागलं, घोडागाड्या संपल्या, तरी याच रस्त्यावरच्या, लॅनफेअर जिथे आहे त्या अँगलसी बेटावरचा टोल 1895 पर्यंत चालूच होता.

माझं म्हणणं एवढंच, दर तर आपल्या नाक्यांवरही लिहिलेले असतात, त्याच पाटीवर रस्त्याचा खर्च किती, आजवर वसूल किती आणि टोल बंद व्हायची तारीख कोणती हे मोठ्या अक्षरात लिहा. फास्टॅगमधून किती कापले त्याचा मेसेज लगेच येतो, मग हे आकडे द्यायला काय अडचण आहे?

आपला,
एक नियमित वाचक, पुणे