परतीची तारीख आणि कामांचा क्रम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातली नोकरी सोडून कोल्हापूरला परतणाऱ्यांविषयी वृत्तपत्रांतून बरेच छापून येते. तांबडा-पांढरा रस्सा, थकलेले आईवडील, मुलांना मराठी यावी ही तळमळ, सगळे खरेच आहे. पण हीच मंडळी आम्हा करसल्लागारांकडे येतात तेव्हा विषय निघतो तो चुकलेल्या क्रमाचा. परतण्याआधी तीन वर्षे करायचे काम परतल्यावर सुरू केलेले असते आणि ज्याची घाई नव्हती त्यासाठी मुलाचे शाळेचे वर्ष मोडलेले असते.

सुरुवात तारखेपासून. "ऑक्टोबरनंतरच या, म्हणजे कर लागत नाही," हा सल्ला दुबईपासून न्यू जर्सीपर्यंत सगळीकडे फिरतो. त्यात अर्धेच तथ्य आहे. एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस झाले की माणूस निवासी ठरतो, म्हणून २ ऑक्टोबरला किंवा त्यानंतर आले तर ते वर्ष अनिवासी म्हणून निभावते. लीप वर्ष असेल तर आणखी एक दिवस उशिरा. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात लग्नाला किंवा गणपतीला येऊन काढलेले दिवसही यात मोजले जातात, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. शिवाय त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झाले असतील, तर त्या नियमाखालीही प्रश्न निघू शकतो.

इतके करून हाती काय लागते? निवासी झाल्यावरही काही काळ 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' असा दर्जा मिळतो. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी असलात, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिला नसलात, तर तो लागू होतो. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना तो बहुधा दोन वर्षे मिळतो, कधी तीन. या काळात परदेशात निर्माण झालेल्या आणि परदेशातच हाती आलेल्या उत्पन्नावर इथे कर नाही. म्हणजे जूनमध्ये आले तरी तिकडचा एप्रिल-मेचा पगार इथे करपात्र होत नाही. जून आणि ऑक्टोबर यांत फरक पडतो तो सहसा एका वर्षाच्या सवलतीचा, आणि सुट्टीत फारच कमी दिवस आलेल्यांना तोही पडत नाही.

उलट शाळा जूनमध्ये सुरू होते. ऑक्टोबरात आलेल्या मुलाला सहामाहीच्या तोंडावर वर्गात बसावे लागते. राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे आहे. इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये शिकलेल्या सहावीच्या पोराला देवनागरी वाचता येत नसेल, तर ती तयारी परतीच्या आधी वर्षभर तिकडेच व्हायला हवी. आखातातल्या सीबीएसई शाळांतून येणाऱ्यांचे त्या मानाने सोपे, त्यांचे वर्ष मार्चमध्ये संपते. नववी आणि अकरावीला मंडळाची नोंदणी होत असल्याने दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश मिळणे कठीण. मुलाला नववीच्या आत आणावे, नाहीतर बारावी तिकडेच होऊ द्यावी. करासाठी उशिरा यायचेच असेल तर कमावणाऱ्याने एकट्याने यावे. निवासाचा दर्जा प्रत्येकाचा वेगळा मोजतात. बायकामुले जूनमध्ये आली म्हणून नवऱ्याचा बदलत नाही.

या सवलतीच्या वर्षांत तिकडचे शेअर, घर, जे विकायचे ते विकून मोकळे व्हावे. इथे एक गफलत हमखास होते. तिकडच्या घराचे भाडे भाडेकरूला थेट कोल्हापूरच्या खात्यात टाकायला सांगितले जाते. मग ते उत्पन्न भारतात मिळालेले ठरते आणि त्यावर कर लागतो. आधी तिकडच्या खात्यात घ्यावे, मग इकडे पाठवावे. सवलत संपली की परदेशातले प्रत्येक खाते, शेअर आणि घर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते, तेही आर्थिक वर्षाचे नव्हे, तर ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे आकडे घालून. ते न दाखवल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे; लहान शिल्लकीला अलीकडे सूट मिळाली असली तरी घराला ती नाही. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढतानाच भरण्याचा पर्याय आहे, पण त्याचा फॉर्म मुदतीत भरला तरच.

एनआरई खात्याबाबत, म्हणजे अनिवासींच्या रुपयातल्या खात्याबाबत, मात्र १८२ दिवस मोजत बसू नये. परकीय चलनाचा कायदा दिवसांपेक्षा हेतू बघतो. कायमचे राहायला आलात की बँकेला कळवून खाते निवासी करून घ्यायचे, किंवा शिल्लक आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या परकीय चलन खात्यात वळवायची. आरएफसीत परकीय चलन तसेच राहते आणि सवलतीच्या वर्षांत व्याजही करमुक्त असते. हे खाते प्रत्येक शाखेत उघडत नाहीत, त्यामुळे बँकेच्या परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेतच जावे. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मुदत संपेपर्यंत ठेवता येते. एनआरई ठेव तशीच चालू ठेवून वर्षानुवर्षे करमुक्त व्याज घेणारे कमी नाहीत. पकडले गेले तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

आता तीन वर्षे आधी करायचे काम, म्हणजे आरोग्य विमा. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीच्या आजारांसाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा लावू शकते. पन्नाशीत परत येऊन विमा घेतला तर त्रेपन्नपर्यंत हृदयाचा खर्च खिशातून जाण्याची शक्यता असते. अनिवासी असतानाही भारतातला विमा घेता येतो, आणि प्रतीक्षेचा काळ तिकडे असतानाच संपतो. इथल्या नोकरीतल्या सामूहिक विम्यात बहुधा प्रतीक्षा नसते, पण तो नोकरीबरोबरच जातो.

जमिनीचा प्रश्न कोल्हापुरात जास्त नाजूक. अनिवासी असताना शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळते. परतल्यावर घ्यायची तर राज्याच्या कुळकायद्यानुसार तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे सातबारावर नाव. नेमके तेच नसते. वडील वारले तेव्हा मुलगा मस्कतला होता, थोरल्या भावाचे नाव ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) म्हणून लागले आणि उसाचे बिलही त्याच्याच खात्यात जाऊ लागले. पंधरा वर्षांनी सगळे आठवते आणि भाऊबंदकीला तोंड फुटते.

खरे तर वारसाची वर्दी मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायची असते. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करायचा. तो ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून परदेशातूनही होतो. मग तलाठ्याची नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, आणि मंडल अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला की नाव लागते. अर्जात बहिणींची नावे वगळली तर पुढे तोच फेरफार अपिलात जातो. बहिणींना हक्क सोडायचाच असेल तर आधी त्यांची नावे लागू द्यावीत, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. शहर हद्दीतल्या घरासाठी हेच काम नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर होते.

भावाला मुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे, किंवा नोटरी करून त्यावर अपोस्टिल (तिथल्या सरकारचा प्रमाणन शिक्का) घ्यावे. मूळ कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक लागला पाहिजे. बरीच मुखत्यारपत्रे इथेच अडकतात. ती महिनोन्‌महिने कपाटात पडलेली असतात आणि दुय्यम निबंधकांकडे गेल्यावर वांधा कळतो.

इथला जुना फ्लॅट विकायचा असेल तर घाई करू नये. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदाराला जवळजवळ पूर्ण किमतीवर भांडवली नफ्याच्या दराने कर कापावा लागतो, आणि तो परत मिळवायला विवरणपत्र भरून वाट बघावी लागते. कमी कपातीचा दाखला आधी काढता येतो, पण त्याला वेळ लागतो. निवासी झाल्यावर विकला तर ५० लाखांपासून वरच्या व्यवहारात १ टक्का कापला जातो, बस्स.

वाहन परवाना संपून वर्ष उलटले असेल तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. अमेरिकेतला ११० व्होल्टचा मिक्सर आणू नये, आखातातला चालतो. पॅन-आधार जोडणीतून अनिवासींना असलेली सूट परतल्यावर उरत नाही.

घर घेताना शेवटची तपासणी पंचगंगेची. पूररेषांपैकी निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, तिथे धोका पातळी ४३ फूट आहे. दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्कचा काही भाग, शाहूपुरी कुंभार गल्ली इथे तेव्हा काय झाले ते गूगलच्या नकाशावर दिसत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर देऊन तो कोणत्या रेषेत येतो ते लेखी घ्यावे. बहुतेकांची घरखरेदी डिसेंबरच्या सुट्टीत होते. त्याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये, पातळी ३९ फुटांचा इशारा ओलांडेल तेव्हा, त्या गल्लीत जाऊन बघावे आणि २०१९ ला तळमजल्यावर पाणी किती चढले होते ते तिथल्या किराणावाल्याला विचारावे.

आपला,
एक करसल्लागार
राजारामपुरी, कोल्हापूर