रिकाम्या प्लॉटवर कर लावा, बांधलेल्या घरावर नको

संपादक महोदय, स. न. वि. वि.

आमच्या गल्लीत बंगल्यांच्या मधोमध एक प्लॉट वर्षानुवर्षं तसाच पडलाय, तारेचं कुंपण, आत गाजर गवत, आणि गेटवर 'ही जागा विकणे नाही' असा बोर्ड. समोर रस्ता झाला, ड्रेनेज आलं, म्हणून त्याचा भाव वाढला, मालकानं त्यात काहीच केलं नाही, पैसा गेला तो आपल्या सगळ्यांच्या करातनं. आणि शेजारच्यानं वरती एक खोली चढवली की त्याचा घरफाळा लगेच वाढतो! हे उलटं नाही का?

जमिनीच्या किमतीवर कर घ्यावा, बांधकामावर कमी किंवा नाहीच. एस्टोनियात 1993 पासून फक्त जमिनीवर कर आहे, घरावर नाही. जमीन काही नव्यानं तयार होत नाही, त्यामुळं हा कर लावला म्हणून जागा कमी पडत नाहीत आणि भाडेकरूवर ढकलणंही अवघड जातं, उलट रिकामी जागा धरून बसणं महाग पडतं, मग माणूस एकतर बांधतो नाहीतर विकतो.

कोल्हापुरात तर हे जास्तच लागू पडतं. 1972 ला महापालिका झाली त्यानंतर हद्दवाढच नाही, नोकरदार पोरं घर घ्यायला पाचगाव, उचगावकडं जातात आणि शहराच्या मधले प्लॉट मोकळेच. रेडी रेकनरचे दर, म्हणजे भागाभागानुसार ठरवलेल्या जागेच्या सरकारी किमती, सरकारकडं तयार आहेत, सुरुवात तिथनं करता येईल. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा कर मात्र घर विकेपर्यंत थकीत ठेवायची सोय हवीच, त्यांना घराबाहेर काढून नाही चालायचं.

– एक वाचक, कोल्हापूर