दूध देणाऱ्या ताई आणि एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) सिस्टर, खूप खूप थँक्यू!

इंदूरच्या ज्या ताईंनी स्वतःच्या बाळाचं पोट भरून उरलेलं दूध दान केलं त्यांची नावं आम्हाला कधीच कळणार नाहीत, म्हणून इथे लिहितेय. माझी भाची दिवस भरायच्या खूप आधी झाली, वजन दीड किलोच्या आत, आणि वहिनीला सुरुवातीला दूधच पुरत नव्हतं. तुमचं दूध ६२.५ डिग्रीवर अर्धा तास पाश्चराइज होऊन तिच्या नळीतून गेलं.

आणि त्या रात्रपाळीच्या सिस्टर! आई म्हणत होती आईच्या दुधात पावडर कशाला, तर त्यांनी न रागावता शांतपणे समजावलं, की काकू, दूध उत्तमच आहे पण कॅल्शियम, फॉस्फरस बाळाला पोटात शेवटच्या तीन महिन्यांत मिळतं आणि हिचे ते महिनेच राहून गेले, प्रोटीनही जास्त लागतं, म्हणून ही फॉर्टिफायरची, म्हणजे दुधात मिसळायच्या पोषक पावडरची पुडी. ती पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच, मोजूनमापून, घरी मनाने अजिबात नाही. मग रोज वजनकाट्यावर ग्रॅम-ग्रॅम वाढलेलं सगळ्यात आधी त्याच आम्हाला सांगायच्या.

रामबागेतून डब्यात बर्फ घालून वहिनीचं दूध वेळेत पोचवणारे रिक्षावाले दादा, तुमचे पण खूप उपकार आहेत. बाळ आता घरी आहे, छान पितेय.